तीन कंपन्या, तीन औषधे आणि एक गोळी

१/
घाटकोपर मागे टाकून लाल बहादूर शास्त्री मार्गाने मुलुंडच्या दिशेने निघाले की दोन्ही बाजूंना मॉल आणि निवासी मनोरे दिसतात. जुनी माणसे या रस्त्याला अजून आग्रा रोडच म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुंबईच्या औषधनिर्मितीचा कणा होता. विक्रोळीला सिप्ला, मुलुंडला जर्मन हेक्स्ट आणि अमेरिकी जॉन्सन अँड जॉन्सन. तिकडे पश्चिम उपनगरात, गोरेगावला, स्विस सीबा कंपनीचे संशोधन केंद्र. १९६३ साली त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले होते.

२/
औषधांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. फ्लेमिंगची बुरशी आणि बँटिंगचे इन्सुलिन सर्वांना ठाऊक असते. मुलुंडच्या हेक्स्ट केंद्रात कोलियस वर्गातील वनस्पतीपासून फोर्सकोलिन वेगळे केले गेले, हेही जाणकारांना ठाऊक असते. मात्र रेणू सापडला म्हणजे औषध तयार झाले असे नव्हे. तो रेणू पोटातल्या आम्लात टिकला पाहिजे, रक्तात हव्या त्या वेगाने उतरला पाहिजे, पावसाळ्यात बाटलीत खराब होता कामा नये आणि रुग्णाला तो रोज घेता आला पाहिजे. या सगळ्या खटाटोपाला फॉर्म्युलेशन म्हणतात. त्यासाठी सहसा कोणाला नोबेल मिळत नाही, आणि इतिहासाच्या पुस्तकांतही त्याला फारशी जागा नसते.

३/
सिप्लाचे संस्थापक ख्वाजा अब्दुल हमीद. जन्म १८९८, अलीगढ. बर्लिनमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्यांनी १९३५ साली मुंबईत 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' ही कंपनी स्थापली. तिची अद्याक्षरे म्हणजे सिप्ला. जुलै १९३९ मध्ये महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली. विक्रोळीचा दुसरा कारखाना १९६० साली सुरू झाला. त्याच वर्षी हमीदांचे चिरंजीव युसुफ केंब्रिजहून परतून कंपनीत रुजू झाले. केंब्रिजला त्यांचे मार्गदर्शक होते नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर टॉड.

४/
त्या काळी देशात १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा लागू होता. नव्या औषधांची पेटंटे बहुतांशी परदेशी कंपन्यांकडे होती आणि त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली आपला अहवाल दिला. मुंबईत १९६१ मध्ये देशी औषध उत्पादकांची संघटना उभी राहिली. अखेर १९७० चा पेटंट कायदा संमत होऊन २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला.

५/
या कायद्याची मेख समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. औषधाच्या बाबतीत 'वस्तू'वर पेटंट मिळणार नव्हते, ती बनवण्याच्या 'पद्धती'वर मिळणार होते, तेही थोड्या वर्षांपुरते. पुरणपोळीवर कोणाचा हक्क नाही. विशिष्ट रीतीने ती लाटण्यावर आहे. दुसऱ्या रीतीने लाटून कोणीही पुरणपोळी विकू शकतो. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी त्यानंतर दुसऱ्या रीती शोधण्यात अक्षरशः पिढी घालवली.

६/
पण रेणू हाती आला तरी तो शरीरात पोहोचवायचा कसा, हा प्रश्न उरतोच. दम्याचे उदाहरण घ्या. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. ती पोटात जाते, रक्तात मिसळते आणि सर्व शरीरभर हिंडून थोडीशी फुप्फुसात पोहोचते. वाटेत हृदयाची धडधड वाढते, हात कापतात. तेच औषध श्वासावाटे दिले तर एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम पुरते. म्हणजे गोळीच्या विसावा किंवा चाळिसावा हिस्सा.

७/
हा फवाऱ्याचा पंप अमेरिकेतील रायकर कंपनीने १९५६ साली बाजारात आणला. कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने विचारले होते, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नसते? प्रश्न निरागस होता, उत्तर मात्र अवघड. औषधाचा कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा हवा. त्याहून मोठा कण घशातच आपटतो, फार लहान कण आत जाऊन उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. शिवाय दर दाबाला मोजून तेवढेच औषध सोडणारी झडप हवी. पहिल्या फवाऱ्यात जेवढे औषध, तेवढेच शंभराव्यातही निघाले पाहिजे.

८/
सिप्लाने दम्यासाठी असे फवारे १९७६ साली आणले. अडचण तंत्रज्ञानाइतकीच समजुतीची होती. 'पंप लागला की सुटत नाही' हे वाक्य महाराष्ट्रात कोणी ऐकले नाही? गोळी सौम्य आणि पंप जहाल, अशी ठाम धारणा. प्रत्यक्षात मात्रेचा हिशेब नेमका उलटा आहे, हे वर आलेच आहे. आणखी एक अडचण होती: पंप दाबणे आणि श्वास आत घेणे एकाच क्षणी जमावे लागते. मुलांना आणि वृद्धांना ते जमत नाही. औषध टाळूवर बसते.

९/
यावर उपाय कोरड्या भुकटीचा. अतिसूक्ष्म औषध लॅक्टोजच्या जाडसर कणांवर बसवून कॅप्सूलमध्ये भरायचे आणि रुग्णाच्या स्वतःच्या श्वासानेच ते खेचून घ्यायचे. ब्रिटिश ग्लॅक्सोने १९७० च्या दशकात यासाठी रोटाहेलर आणले होते. सिप्लाने १९९७ साली त्याचे पारदर्शक रूप बाजारात आणले. पारदर्शक का? भुकटी संपली की नाही हे रुग्णाला डोळ्यांनी दिसावे म्हणून. राहिली असेल तर पुन्हा एकदा श्वास ओढायचा. प्लास्टिकचा रंग काढून टाकणे हीदेखील औषध पोहोचवण्याच्या शास्त्रातील सुधारणा असू शकते!

१०/
आता मुख्य कथेकडे. जुलै १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सिद्ध झाले की, तीन औषधे एकत्र दिली तर एचआयव्हीचा विषाणू दीर्घकाळ दबून राहतो. एक दिले तर विषाणू रूप बदलून त्यातून निसटतो, दोन दिली तरी काही काळाने निसटतो. तिन्हींच्या विरोधात एकाच वेळी बदलणे त्याला जवळजवळ अशक्य होते. श्रीमंत देशांत एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले.

११/
पण उपचार पाळणे महाकठीण. इंडिनाविर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी आणि भरपूर पाण्याबरोबर. डिडानोसिनही रिकाम्या पोटी. काही औषधे जेवणानंतर. गजर लावून, डबे भरून दिवसभर गोळ्या मोजायच्या, तेही आयुष्यभर. आणि खर्च? वर्षाला माणशी १०,००० ते १५,००० डॉलर. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कोट्यवधी लोक बाधित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००२ च्या अखेरीसही त्या प्रदेशात उपचार मिळणारे सुमारे ५०,००० च होते.

१२/
तिन्ही औषधे एकाच गोळीत घातली तर? कल्पना कोणालाही सुचण्यासारखी होती. अडथळा मालकीचा होता. स्टाव्हुडिन ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे, लामिवुडिन ग्लॅक्सोकडे, नेव्हिरापिन बोहरिंगर इंगेलहाइमकडे. तीन प्रतिस्पर्ध्यांनी आपापला माल एका गोळीत ओतावा, अशी परिस्थिती नव्हती. ग्लॅक्सोने नोव्हेंबर २००० मध्ये ट्रायझिव्हिर ही तीन औषधांची गोळी आणली खरी, पण त्यातली तिन्ही तिच्याच घरची होती. म्हणून 'जगातील पहिली तिहेरी गोळी भारताची' हा समाजमाध्यमांवर फिरणारा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. भारताचे वेगळेपण निराळे होते.

१३/
भारतात १९७० च्या कायद्यामुळे या तिन्हींवर वस्तू-पेटंट नव्हते. सिप्लाने १९९१ साली हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने झिडोवुडिन बनवायला घेतले होते. स्टाव्हुडिन आणि लामिवुडिन १९९८ पर्यंत हाती आले होते. २००१ साली स्टाव्हुडिन, लामिवुडिन आणि नेव्हिरापिन यांची एकत्र गोळी आली: ट्रायोम्यून. सकाळी एक, रात्री एक. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची औषधे एका गोळीत येणे त्या वेळी अमेरिकेत किंवा युरोपात कायद्यानेच अवघड होते. अमेरिकेत दोन कंपन्यांच्या मालकीची घटकद्रव्ये एकत्र आणणारी, दिवसातून एकदा घ्यायची ॲट्रिप्ला ही गोळी २००६ साली मंजूर झाली.

१४/
गोळी बनवणे म्हणजे तीन भुकट्या मिसळून दाबणे, असे वाटू शकते. पण तिन्ही स्वभावाने वेगळी. लामिवुडिन पाण्यात सहज विरघळते. नेव्हिरापिन विरघळायला नाखूष; त्याचे कण किती बारीक दळले यावर ते रक्तात किती उतरणार हे ठरते. स्टाव्हुडिनला ओलावा सोसत नाही. पाण्याच्या संपर्काने त्याचे विघटन होऊन थायमिन उरते. शिवाय मात्रा विषम: एका गोळीत नेव्हिरापिन २०० मिलिग्रॅम, लामिवुडिन १५० आणि स्टाव्हुडिन ३० किंवा ४०. सर्वांत नाजूक द्रव्य सर्वांत कमी, आणि तरीही प्रत्येक गोळीत ते सारखेच उतरले पाहिजे. हे सगळे उष्ण-दमट हवेत, शीतपेटीविना, महिनोन्महिने टिकायला हवे. मुंबईचा जुलै अनुभवलेल्या माणसाला या अटीचे गांभीर्य सांगावे लागत नाही.

१५/
मग कसोटी. निरोगी स्वयंसेवकांना एकदा तीन वेगळी मूळ औषधे द्यायची, एकदा ही गोळी, आणि ठरावीक वेळाने रक्त घेऊन औषधाचे प्रमाण मोजायचे. दोन्ही आलेख एकमेकांशी ठरावीक मर्यादेत जुळले, तरच गोळी मूळ औषधांच्या तोडीची मानायची. मर्यादा सांख्यिकी आहे: गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासपट्टा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत असायला हवा.

१६/
किमतीची गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून थोडक्यात. २८ सप्टेंबर २००० रोजी ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाच्या बैठकीत युसुफ हमीद यांना बोलायला तीन मिनिटे मिळाली. तीन औषधे वर्षाला ८०० डॉलरमध्ये देऊ, बनवण्याचे तंत्र विनामूल्य देऊ, आणि आईकडून बाळाला होणारा संसर्ग टाळण्यासाठी नेव्हिरापिन फुकट देऊ, असे त्यांनी जाहीर केले. प्रतिसाद थंड होता. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेला ३५० डॉलरचा दर दिला. दिवसाला एक डॉलरहून कमी. त्या वेळच्या विनिमय दराने वर्षाला सुमारे १६,००० रुपये. ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सने छापली आणि जगभर चर्चा पेटली.

१७/
पुढच्याच महिन्यात प्रिटोरियात ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकी सरकारविरुद्ध लावलेला खटला उभा राहिला. स्वस्त औषधे आयात करण्याचा मार्ग खुला करणाऱ्या कायद्याला त्यांचे आव्हान होते. लोकक्षोभापुढे १९ एप्रिल २००१ रोजी कंपन्यांनी खटला मागे घेतला. नोव्हेंबरमध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेने जाहीर केले की पेटंटचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नयेत.

१८/
किमतीच्या गदारोळात गोळीच्या रूपाचे महत्त्व झाकोळले गेले. समजा, मलावीतील एका खेड्यातल्या दवाखान्यात तीन औषधांच्या तीन बाटल्या येतात. पावसात रस्ता खचला, एक बाटली आली नाही. रुग्ण उरलेली दोन घेत राहतो आणि विषाणूला शिकवणी मिळते. एकत्र गोळीत हे घडूच शकत नाही. मिळाली तर तिन्ही मिळतात, नाही तर एकही नाही. साठ्याची नोंद एका रकान्यात होते, परिचारिकेला एकच सूचना द्यावी लागते. डॉक्टरांची वानवा असलेल्या देशांत उपचार पसरला त्यामागे किमतीइतकाच या साधेपणाचाही हात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा तिहेरी गोळ्यांना १ डिसेंबर २००३ रोजी आपल्या पूर्वपात्रता यादीत घेतले, त्याच दिवशी तीस लाख लोकांवर २००५ पर्यंत उपचार सुरू करण्याची मोहीमही जाहीर झाली.

१९/
एकत्र गोळीचे तोटेही होते. नेव्हिरापिनमुळे अंगावर गंभीर पुरळ येऊ शकते, म्हणून पहिले १४ दिवस ते दिवसातून एकदाच द्यायचे असते. गोळी तर अभेद्य. तोड अशी निघाली: पहिले दोन आठवडे एका वेळी तिहेरी गोळी, दुसऱ्या वेळी नेव्हिरापिन वगळलेली दुहेरी गोळी. दुसरा प्रश्न जास्त बिकट. नेव्हिरापिन रक्तात बराच काळ रेंगाळते, बाकीची दोन लवकर निघून जातात. रुग्णाने गोळी अचानक थांबवली की काही दिवस विषाणूसमोर एकटे नेव्हिरापिन उभे राहते. तीन औषधे गोळीत बरोबर असली तरी शरीरातून निघताना ती बरोबर निघत नाहीत.

२०/
विश्वासालाही तडा गेला. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने सिप्लाची दोन उत्पादने, लामिवुडिनची गोळी आणि लामिवुडिन-झिडोवुडिनची जोडगोळी, यादीतून काढली. समतुल्यतेच्या चाचण्या ज्या बाहेरच्या संस्थेकडे सोपवल्या होत्या, तिच्या नोंदी तपासणीत उतरल्या नव्हत्या. पुन्हा चाचण्या होऊन नोव्हेंबर २००४ मध्ये ती यादीत परतली. भारतीय औषधांच्या विरोधकांना या प्रकाराने आयते हत्यार मिळाले हे खरे. पण तपासणी होते आणि दोष निघाल्यावर नाव कापले जाते, हेही त्यातून दिसले.

२१/
आणि मायदेशी? भारत सरकारची मोफत उपचार योजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांपैकी एक भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय. ज्या शहरातून जगाला स्वस्त उपचाराचा प्रस्ताव गेला, त्या शहरातील गरीब रुग्णाला सरकारी गोळी मिळायला त्यानंतर तीन वर्षे लागली. याचा दोष औषधशास्त्राकडे जात नाही.

२२/
मुले तर सर्वांत मागे राहिली. त्यांच्यासाठी तीन वेगवेगळी पातळ औषधे, तीन मापे, आणि स्टाव्हुडिनचे द्रावण थंड ठेवायचे. ज्या घरात वीज नाही तिथे शीतकपाट कुठले? म्हणून मलावीसारख्या देशांत मोठ्यांची गोळी मोडून मुलांना दिली जाई. दोन अर्धुकांत औषध सारखे असेलच याची खात्री नाही. शिवाय मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे: नेव्हिरापिन त्याच्या शरीरातून वेगाने बाहेर पडते, म्हणून त्याला प्रमाणाने ते अधिक लागते.

२३/
सिप्लाने मुलांसाठी दोन गोळ्या तयार केल्या. धाकटीत स्टाव्हुडिन ६, लामिवुडिन ३०, नेव्हिरापिन ५० मिलिग्रॅम. थोरलीत बरोबर दुप्पट. मोठ्यांच्या ३०-१५०-२०० शी ताडून पाहा: पहिल्या दोहोंचे गुणोत्तर तेच, नेव्हिरापिन मात्र जास्त. पाण्यात टाकली की विरघळणारी आणि मधोमध खाच असलेली. झांबियातील लुसाका येथे मुलांवर तिची रीतसर चाचणी झाली आणि ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तिला तात्पुरती मान्यता दिली. पुढे २०१५ साली लोपिनाविर-रिटोनाविरचे बारीक दाणे कॅप्सूलमध्ये भरून आले. कॅप्सूल उघडायची आणि दाणे मऊ भातावर किंवा खिमटीवर पसरायचे. त्याआधीच्या पातळ औषधात ४० टक्क्यांहून अधिक मद्यार्क होता, चव अत्यंत कडू होती आणि बाळे ते थुंकून टाकीत.

२४/
एक अप्रिय प्रकरण. याच संयोगाच्या तंत्राचा भारतात बेसुमार दुरुपयोगही झाला. तापाचे, खोकल्याचे, ॲलर्जीचे औषध एकात कोंबून 'नवे' उत्पादन विकायचे. मागे वैद्यकीय कारण काहीच नाही. १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने ३४४ संयोगांवर बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ संयोगांवर पुन्हा बंदी आली. तीन औषधे एकत्र करण्याला एचआयव्हीच्या बाबतीत विषाणूच्या वर्तनाचे भक्कम कारण होते. या शेकडो मिश्रणांना बहुधा फक्त विक्रीचे होते.

२५/
ट्रायोम्यूनचे पुढे काय झाले? स्टाव्हुडिनचे दुष्परिणाम दीर्घकाळाने उघड झाले: हातापायांच्या नसांत जळजळ, गाल बसणे, चरबीची विचित्र वाटणी. चेहरा पाहूनच शेजारी आजार ओळखू लागले, आणि लपवून ठेवलेले गुपित फुटू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली स्टाव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. लाखो लोकांना जगवलेली गोळी बाद झाली आणि ते योग्यच होते.

२६/
तिची जागा टेनोफोविर, लामिवुडिन आणि डोल्युटेग्राविर यांच्या गोळीने घेतली: दिवसातून एकच. २०१७ च्या करारानुसार तिचा दर वर्षाला सुमारे ७५ डॉलर ठरला. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या १० मिलिग्रॅमच्या डोल्युटेग्राविर गोळीचा करार २०२० च्या अखेरीस जाहीर झाला, दर वर्षाला ३६ डॉलरहून कमी. त्या करारातील दोन कंपन्यांपैकी एक मॅक्लिऑड्स, जिचे मुख्यालय अंधेरी पूर्वेला आहे.